दंडावरचा पहारेकरी

सांगलीहून मिरजेला निघालो की वाटेत विश्रामबाग लागते. या वाटेने किती तरी आजारी माणसे मिरजेला जातात. तिथे डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली इस्पितळ काढले. तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचे गाव झाले.

समजा, आपले तात्या पायाच्या जखमेसाठी इस्पितळात आहेत. त्यांना मधुमेह आहे. नर्सबाई दिवसातून चार वेळा बोट टोचून साखर पाहतात. रात्री इन्सुलिन टोचले. पण तात्यांनी ताट तसेच ठेवले. पहाटे साखर उतरली. अंगाला घाम सुटला. उशाशी काकी होत्या. त्या म्हणाल्या, "बरी झोप लागलीया." पण ती झोप नव्हती! साखर फार उतरली तर माणूस बेशुद्ध होतो. जीवही जातो.

बोट टोचले की त्या घटकेची साखर कळते. मधले कळत नाही. म्हणून आता एक लहानसे यंत्र निघाले आहे. ते दंडाला चिकटवतात. त्याचा बारीक तंतू कातडीखाली राहतो. तो तिथल्या पाण्यातली साखर मोजतो. दर काही मिनिटांनी नवा आकडा मिळतो. साखर उतरली की इशारा वाजेल, अशी सोय अनेक यंत्रांत असते. करोनाच्या साथीत, २०२० साली, अमेरिकेत इस्पितळांना ही यंत्रे वापरायची मुभा मिळाली. रोग्याजवळ वारंवार न जाता साखर कळू लागली.

पण पहारेकरीही चुकतो. विहिरीवर मोटर सुरू केली, तरी शेवटच्या सरीला पाणी उशिरा पोचते. तसा यंत्राचा आकडा रक्ताच्या मागे पाच ते पंधरा मिनिटे असतो. त्याच दंडावर भार देऊन झोपले, तर आकडा उगाच कमी दिसतो. म्हणून घाम, थरथर असेल आणि आकडा चांगला दिसेल, तर बोट टोचून पाहायला सांगावे.

हे ध्यानात ठेवू :

१. आकडा ७० च्या खाली गेला की लगेच नर्सबाईंना हाक मारावी.

२. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखर किंवा पाणी घालू नये.

३. आकडा पाहून आपल्या मनाने इन्सुलिन कमी-जास्त करू नये.

यंत्र महाग आहे. ते सगळीकडे मिळत नाही. पण ताट तसेच राहिले, हे काकींना यंत्राविना दिसले होते. तेवढे त्यांनी नर्सबाईंना सांगितले असते, तर तात्यांची साखर वेळीच पाहिली गेली असती. आपण ते सांगायला विसरू नये.