फरशी आधी, ट्रॉल्या मागाहून

चि. सायली,

तुझा बेत कळला. सुतार सध्या मोकळा आहे, म्हणून ट्रॉल्या आणि कपाटं आधी बसवून घ्यायची. फरशीवाला दिवाळीनंतर मिळाला की ट्रॉल्यांच्या पुढ्यापर्यंत टाइल्स घालायच्या. त्यात टाइल्स वाचतील असाही तुझा हिशेब आहे. मला हा क्रम पटत नाही. कोणता कारागीर कधी मोकळा आहे यावर स्वयंपाकघराचा क्रम ठरवायचा नसतो. तिथली बहुतेक मापं एकाच ठिकाणाहून सुरू होतात, ते म्हणजे तयार जमिनीची पातळी. ओट्याची उंची, त्यावरचे प्लगपॉइंट, डॅडोच्या टाइल्सची पहिली ओळ, चिमणीचं अंतर, दाराखालची फट, सगळं तिथूनच मोजलं जातं. ही पातळी पक्की नसताना केलेलं कुठलंही माप अंदाजाचंच.

आकड्यांतच बघ. तुझा ओटा जमिनीपासून 34 इंच, म्हणजे साधारण 864 मिलिमीटर. ग्रॅनाइट आणि त्याची मोल्डिंग केलेली कड यांत दीड इंच गेला की खाली सव्वाआठशे मिलिमीटर मोकळे राहतात. काउंटरखाली बसणाऱ्या बऱ्याच डिशवॉशरची, पाय पूर्ण आत घेतल्यावरची, उंची 815 ते 820 मिलिमीटर असते. मशिन सहज आत जाईल. मग तू जुन्या फरशीवरच ॲडहेसिव्हने नवी टाइल चिकटवलीस आणि ती ओट्याच्या पुढ्यापर्यंतच आणलीस, तर टाइल नऊ-दहा आणि ॲडहेसिव्ह चार-पाच मिलिमीटर धरून बाहेरची जमीन अर्धा इंच वर येते. बाहेर पडायला मशिनला उरतात जेमतेम 811. ते खड्ड्यात अडकलं. दुरुस्तीवाला आला की एकतर टाइल फोडा, नाहीतर ग्रॅनाइट उचला.

रुंदीचंही तसंच. दोन्ही बाजूंच्या भिंतींना टाइल्स लागायच्या असतील तर एकेका बाजूला अर्धा इंच जातो, आणि कोऱ्या प्लास्टरवर मोजलेली साठ सेंटिमीटरची जागा प्रत्यक्षात साडेसत्तावन्नच भरते. म्हणून ट्रॉलीवाल्याने अंतिम माप घ्यायचं ते ग्रॅनाइट आणि डॅडो झाल्यावरच. फ्रिज, ओव्हन, डिशवॉशर कोणते घ्यायचे हे मात्र अगदी सुरुवातीला, निदान मॉडेलच्या मापांपुरतं तरी, ठरवायला हवं. कारण पाण्याची लाइन, सांडपाण्याची जागा आणि 16 अँपिअरचे पॉइंट त्यावरच ठरतात, आणि ते भिंतीच्या आत जायचे असतात. फोडाफोडी, पाइप, वायरिंग, पाइपांची प्रेशर टेस्ट, वॉटरप्रूफिंग करून पाणी साठवून बघणं, हे सगळं फरशीच्या आधी. वॉटरप्रूफिंगची घाई करू नकोस, खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

आता तुझा टाइल्स वाचवण्याचा मुद्दा. दहा फूट लांब आणि दोन फूट खोल ओट्याखाली वीस चौरस फूट जमीन येते. तेवढ्या टाइल्स वाचतात हे खरं, पण पाणी गळतं ते नेमकं तिथेच, सिंकखाली. सांधे भरलेली फरशी आणि भिंतीला लागून स्कर्टिंग असेल तर गळलेलं पाणी पुढे वाहत येतं आणि दिसतं. ओबडधोबड कोब्यावर ते मुरत राहतं आणि प्लायच्या खालच्या कडेतून वर चढतं. आयएस 710 चा मरीन प्लाय घेतलास तरी उघडी कापलेली कड सतत ओलीत ठेवावी असा तो नसतो. शिवाय उद्या ट्रॉल्यांची मांडणी बदलावीशी वाटली, तर तशीच टाइल बाजारात मिळेलच याची खात्री कुणी देत नाही. कडाप्प्याच्या उभ्या फरश्या आधी उभारून जमीन पुढूनच घालणारे मिस्त्री आजही भेटतात. ओट्याखाली सिलिंडर आणि डबे ठेवायचे तेव्हा त्यात फारसं बिघडत नसे.

तुला एक भीती वाटेल, नव्या फरशीवर सुताराच्या कामाने ओरखडे पडण्याची. ती रास्त आहे, पण तिला उपाय आहे. सांधे भरून सुकले की आधी प्लास्टिकचा कागद अंथरायचा आणि त्यावर पीओपीचा पातळ थर द्यायचा. काम संपल्यावर तो पापुद्र्यासारखा निघून येतो. प्लास्टिक न घालता थेट पीओपी ओतू देऊ नकोस, सांध्यांत बसलेला तो पांढरा रंग घासून जात नाही.

एका बाबतीत मात्र तुझाच क्रम बरोबर ठरेल. हॉलसारखी लाकडी दिसणारी, क्लिक करून बसणारी लॅमिनेटची फरशी स्वयंपाकघरातही आणायची असेल, तर ती ट्रॉल्यांखाली घालायची नाही. ती जमिनीला चिकटलेली नसते. हवेतल्या दमटपणाने फुगते, आकसते, म्हणून कडेला आठ-दहा मिलिमीटर जागा सोडतात. तिच्यावर जड कपाटं दाबून बसवली की ती एका जागी जखडते आणि भलतीकडेच उचलते किंवा सांधे सोडते. तिथे आधी कपाटं आणि मग त्यांच्या पायांपर्यंत फरशी. समोरची पट्टी ती कड झाकते. पण तेव्हाही फरशीची जाडी आधी धरूनच ओट्याची उंची काढावी लागते, आणि डिशवॉशरच्या जागेखाली जमीन त्याच पातळीला आणावी लागते. म्हणजे क्रम उलटला तरी पातळी आधीच ठरवावी लागते. पावसाळ्यातला आपल्याकडचा दमटपणा आणि सिंकजवळचं पाणी बघता स्वयंपाकघरात लॅमिनेट मी सुचवणार नाही, व्हिट्रिफाइड टाइलच घाल.

राहिला सुतार. तो मोकळा आहे तर बेडरूमचं कपाट त्याला आधी दे. स्वयंपाकघरात त्याला ओल्या प्लास्टरला टेकून प्लाय लावायला लावशील तर त्या प्लायवरच्या लॅमिनेटला फुगे येतील आणि दोष त्याच्या माथी जाईल. फरशी आणि भिंती नीट वाळू देत.

या आठवड्यात मिस्त्रीकडून चारही भिंतींवर तयार जमिनीपासून एक मीटरची रेघ मारून घे, आणि फ्लॅटच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत ती एकाच पातळीत आहे ना ते समोर उभी राहून तपास. त्या रेघेचा फोटो आणि मशिनांची मापं मला पाठव. तोवर ट्रॉलीवाल्याला ॲडव्हान्स देऊ नकोस.

तुझा,
मामा