लॉक्सचं पहिलं वर्ष

लॉक्स, म्हणजे न विंचरता गुंफू दिलेल्या केसांच्या बटा, वाढवायला घेतलेल्या माणसाचा धीर पहिल्या दिवशी सुटत नाही. त्या दिवशी भांग रेखीव असतात, बटा एकसारख्या असतात, भेटेल तो कौतुक करतो. धीर सुटतो तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. तोवर प्रत्येक बटेभोवती बारीक केस उभे राहिलेले असतात, मध्येच कुठे तरी गाठ फुगलेली असते आणि केस वाढण्याऐवजी आखूड झाल्यासारखे दिसतात. नेमके याच दिवसांत लोक बोलायला लागतात, आणि त्यांचं बोलणं मनावर घेऊन केलेल्या खटाटोपात केसांची मुळं दुखावतात. माझ्या लेकीच्या बाबतीत हे घडलं, म्हणून लिहिते आहे.

मी मूळची साताऱ्याची, लग्नानंतर लंडनला आले. सासूबाई जमैकाहून इथे स्थायिक झालेल्या. लेकीने केस वडिलांच्या घराण्याचे घेतले. मानेजवळ अगदी घट्ट वळ्यांचे. कपाळाजवळ मात्र थोडे सैल, तिथे माझा अंश दिसतो. २०२३ मध्ये हॅली बेलीचा 'द लिटिल मरमेड' हा चित्रपट आला. त्यातल्या जलपरीच्या डोक्यावर लॉक्स होते. ते पाहून लेकीने मनाशी ठरवलं आणि मला सांगितलं. मला ते मनापासून आवडलं. आफ्रिकी वंशाच्या बायकांनी केस सरळ दिसावेत म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तापवलेल्या फण्या आणि टाळू जाळणारी रसायनं सोसली आहेत. आपले केस जसे आहेत तसे वाढू द्यावेत असं एखाद्या मुलीला कोवळ्या वयात वाटत असेल, तर आईने तिच्या मागे उभं राहावं.

या काळात टिकून राहायचं तर बटेच्या आत काय चाललंय ते आधी समजून घ्यायला हवं. माणसाच्या डोक्यावरचे रोज साधारण पन्नास ते शंभर केस गळतात. आपण विंचरतो तेव्हा ते फणीत येतात. लॉक्स विंचरायचे नसतात, त्यामुळे गळलेला केस बटेतच राहतो, शेजारच्या केसांभोवती वेढा घेतो आणि बट आतून भरत जाते. इथल्या जाणत्या केशकारागीर या टप्प्याला 'बडिंग' म्हणतात. बट बोटांत धरून हलकेच दाबली तर आत एक टणक गाठ लागते. बट बसायला लागल्याची ती खूण. केस आतल्या आत गुंफले जात असल्यामुळे लांबी आखडते. महिन्याला सेंटिमीटरभर वाढ होतच असते, पण ती दिसत नाही. म्हणजे आरशात जे विस्कटलेलं दिसतं, ते काम नीट चालू असल्याचं लक्षण असतं. लेकीला हे एकदा पटलं आणि तिचं आरशासमोर उभं राहणंच बदललं.

वेळ किती लागेल, हे केसांवर ठरतं. घट्ट वळ्यांच्या केसांना पक्कं बसायला वर्ष-दीड वर्ष लागू शकतं, सैल कुरळ्यांना त्याहून जास्त. मिश्र घरातल्या मुलांच्या डोक्यावर अनेकदा दोन्ही तऱ्हेचे केस असतात. आमच्याकडे मागच्या बटा पक्क्या झाल्या तरी पुढच्या धुतल्या की सुटायच्या. सुरुवात कशी केली यावरही पुष्कळ अवलंबून असतं. फणीने दिलेला साधा पीळ पाण्यात लवकर उलगडतो, दोन पदरांचा पीळ जास्त टिकतो. सैल केसांसाठी दोन पदरी पीळच घ्यावा असं माझं मत आहे.

आता त्या त्रासाविषयी. शाळेत कुणी तरी लेकीला तिचे केस घाणेरडे दिसतात असं म्हटलं. आम्ही जात होतो त्या सलूनमधल्या बाईने सुचवलं की दर दोन आठवड्यांनी या, मी मुळाशी पीळ घट्ट करून देते, म्हणजे नीटनेटकं दिसेल. दिसायचंही. पण प्रत्येक वेळी नंतरचे दोन दिवस पोरीचं डोकं ठणकायचं, रात्री कुशीवर वळता यायचं नाही. कानशिलांपाशी बारीक पुटकुळ्या आल्या. सलूनमध्ये सांगितलं तर उत्तर मिळालं की सवय होईल. शिवाय पीळ बसावा म्हणून ती बाई मेण चोपडायची. ते धुऊन निघत नव्हतं, बटेत पांढुरकं साचत होतं. एके दिवशी केस मागे बांधताना कानशिलावरची लव विरळ झालेली दिसली. त्वचेच्या डॉक्टरांनी पाहताक्षणी सांगितलं की हे ओढीमुळे आहे. याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. ताण वेळेत थांबला तर केस परत येतात, वर्षानुवर्षं चालू राहिला तर मुळंच मरतात आणि मग कुठलंही तेल उपयोगी पडत नाही. आम्ही ते सलून सोडलं. बराच काळ तिच्या मुळांना कुणी हात लावला नाही. कानशिलं भरून आली.

म्हणून पोटतिडकीने सांगते: दुखणं हा लॉक्सचा भाग नाही. पीळ दिल्यावर भुवया ताणल्या गेल्या, पुटकुळ्या आल्या, झोपताना डोकं टेकवता आलं नाही, तर पीळ त्याच दिवशी सैल करून घ्या. दोन पिळांमध्ये निदान चार ते सहा आठवडे जाऊ द्या, कपाळाच्या कडेला तर अजून उशिरा. मधल्या दिवसांत बटा फुललेल्या दिसणारच. तशाच घेऊन वर्गात बसायचं, बाजारात जायचं.

लोकांच्या बोलण्याचं काय करायचं? परक्यांचं बोलणं तसं सोपं, एका वाक्यात संपवता येतं. घरच्यांचं अवघड, कारण त्यांच्या बोलण्यामागे काळजी असते. आमच्याकडे तर दोन्ही आज्या घाबरल्या होत्या.

सासूबाईंचं बालपण मॉन्टेगो बेजवळ गेलं. १९३० मध्ये इथिओपियात हैले सेलासी यांचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर जमैकात रास्ताफारी पंथ वाढला. बायबलमधल्या व्रताला धरून केसांना कात्री न लावता लॉक्स वाढवणारी ही माणसं तिथल्या सरकारच्या डोळ्यांत खुपायची. एप्रिल १९६३ मध्ये मॉन्टेगो बेजवळच्या कोरल गार्डन्समध्ये हिंसाचार झाला आणि त्यानंतर रास्ता दिसला की धरपकड, मारहाण, जबरदस्तीने केस कापणं असं सत्र चाललं. जमैकाच्या पंतप्रधानांनी त्याबद्दल माफी मागितली ती २०१७ मध्ये. हे पाहत वाढलेल्या, पुढे इंग्लंडमध्ये कातडीच्या रंगामुळे अपमान गिळलेल्या आणि नात चर्चमध्ये चारचौघांत नीटस दिसावी असं वाटणाऱ्या बाईला लॉक्सची भीती वाटली, तर तिला जुन्या वळणाची म्हणून बाजूला सारता येत नाही. लेकीने त्यांना टोनी मॉरिसन यांचे फोटो दाखवले. साहित्याचं नोबेल मिळालेली बाई आणि डोक्यावर रुपेरी लॉक्स. सासूबाईंनी ते बराच वेळ पाहिले.

साताऱ्याला माझ्या आईने व्हिडिओ कॉलवर नातीला पाहिलं आणि म्हणाली, "अगं, पोरीला जट आली की काय? तू विंचरत नाहीस का तिला?" तिचा आवाज कापत होता. कारण आमच्या आळीत जट आलेली एक बाई होती. न विंचरल्याने केसांचा गुंता व्हायचा, लोक त्याला देवीचं बोलावणं म्हणायचे, कापली तर कोप होईल म्हणून कुणी हात लावू द्यायचं नाही. मानेला ओझं, खाली उवा, जखमा. यल्लम्माच्या नावाने किती तरी मुली अशाच जटेपायी देवाला सोडल्या गेल्या. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आजही गावोगाव जाऊन अशा बायकांची समजूत घालतात, धीर देतात आणि मग जट कापतात. माझ्या आईच्या मनात हे सगळं होतं. मी तिला समजावलं की हे नातीने स्वतः निवडलंय, भांग पाडून मोजून बटा घेतल्यात, ती नियमाने न्हाते. आईने एकच विचारलं, "नको वाटलं तर कापता येतील ना?" येतील, कधीही, असं म्हटल्यावर ती शांत झाली.

भारतातल्या नातेवाइकांशी बोलताना हा मुद्दा आधी मांडा. मुलीचा निर्णय, मुलीचा अधिकार, कात्रीसकट.

शाळेशी बोलायची वेळ आली तर तोंडी बोलू नका, लिहून द्या. ब्रिटनमध्ये २०१० चा समानता कायदा आहे, आणि २०२२ मध्ये इथल्या समानता व मानवाधिकार आयोगाने शाळांना स्पष्ट कळवलं आहे की वंशाशी जोडलेल्या केशरचनेवरून मुलांना अडवणं बेकायदा ठरू शकतं. २०१८ मध्ये लंडनमधल्या एका रास्ताफारी मुलाच्या आईने आयोगाच्या पाठबळावर शाळेला माघार घ्यायला लावली होती. अमेरिकेत कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये केसांवरून होणारा भेदभाव रोखणारा 'क्राउन' कायदा केला, नंतर इतर अनेक राज्यांनी केला. तरी सगळीकडे तो नाही, तेव्हा आपल्या राज्याचं बघून ठेवा. आपली बाजू कायद्याने धरलेली आहे हे कळलं की मूल वर्गात ताठ बसतं. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

बाकीची काळजी साधी आहे. लॉक्स धुवायचे नसतात, हा समज डोक्यातून काढून टाका. सुरुवातीचे काही आठवडे गेले की नियमाने धुवा, डोक्यावर पातळ जाळी ओढून, म्हणजे पीळ उलगडत नाहीत. धुण्याइतकंच वाळवणं महत्त्वाचं. ओल बटेच्या गाभ्यात राहिली तर कुबट वास धरतो आणि तो जाता जात नाही. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत मुक्काम असेल तर सकाळीच न्हा आणि मंद गरम हवेच्या ड्रायरने आतपर्यंत वाळवा. सुती उशीचे तंतू बटेत अडकतात, म्हणून सॅटिनची टोपी घालून झोपा. आजीला तेल लावायची हौस असतेच. दोन थेंब बोटावर घेऊन भांगातल्या टाळूला लावू द्या, बटांवर चोळू देऊ नका. आणि कुणीही, मग ती मावशी असो वा मैत्रीण, न विचारता बटेला हात घातला तर मुलीला "नको" म्हणायला शिकवा. आपल्याकडे मोठ्यांना नाही म्हणणं जड जातं, तेव्हा पहिल्यांदा तुम्ही म्हणा.

दर महिन्याला एकाच खिडकीपाशी एक फोटो काढा. आणि लॉक्स पक्के झालेली एखादी मोठी मुलगी शोधून तिच्याशी ओळख करून द्या. तिचे पहिल्या वर्षाचे फोटो पाहून जो दिलासा मिळतो, तो आईच्या शब्दांनी मिळत नाही.

घरात लग्न निघालं तर पीळ आठवडाभर आधी घ्या, आदल्या दिवशी नको. गजरा माळायचा असेल तर आकड्यांनी टोचू नका. मागच्या चार-पाच बटा एकत्र धरून गजऱ्याचा दोरा त्यांच्याभोवती सैल गुंडाळा. दिवसभर जागचा हलत नाही, आणि रात्री काढताना एकही बट ओढली जात नाही.