धुणे, गोधडी आणि खरूज

धुणे तर आपण रोजच धुतो. मग त्यात शिकायचे ते काय? असे कोणीही म्हणेल. पण आधी ही हकिगत वाचा.

एका घरात लहान पोराला खरूज झाली. बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठली. मनगटावर उठली, पोटावर उठली. रात्र झाली की पोर खाजवी आणि रडे. आईने दवाखान्यातून मलम आणले. पोराला लावले. पोर बरे झाले. पण थोड्याच दिवसांत पुन्हा खाज सुरू! आता आईलाही आणि आजीलाही.

आजी म्हणाली, "सूनबाई, औषधात काय दम न्हाई. समदं फुकट गेलं."

नर्सबाई घरी आल्या. त्यांनी विचारले, "आजी, पोर निजतं कुणापाशी?"

"माझ्याच गोधडीत की, बाई."

"ती गोधडी धुतली कधी?"

आजी जरा थांबली. "घट बसायच्या आधी धुतली व्हती," ती म्हणाली. तेव्हा तर होळी जवळ आली होती.

नर्सबाईंनी समजावून सांगितले. खरजेचे किडे अगदी बारीक. ते कातडीत बीळ करून राहतात. अंगाला अंग लागले की एकाचे दुसऱ्याला जातात. अंथरूण-पांघरुणातूनही जातात. अंगावरून सुटलेला किडा दोन-तीन दिवस जगू शकतो. म्हणून एकट्या पोराला मलम लावून भागत नाही. घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी मलम लावावे. ते कसे लावायचे, हे दवाखान्यात नीट विचारून घ्यावे. आणि त्याच दिवशी सर्वांचे अंगावरचे कपडे, चादरी, पांघरुणे धुवावी.

कशी धुवावी? गार पाण्यात नव्हे. चुलीवर मोठे पातेले ठेवावे. पाण्याला उकळी आणावी. सुती कपडे त्यात दहा-पंधरा मिनिटे काठीने खालीवर करावे. मग साबण लावून धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे.

"पर गोधडी पातेल्यात मावंल कशी?" आजीने विचारले. प्रश्न खरा होता. गोधडी मावत नसेल तर ती स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालावी. पिशवीचे तोंड घट्ट बांधावे. आठ दिवस तिला हात लावू नये. किड्याला माणूस मिळाला नाही की तो मरतो. मग गोधडी सवडीने धुवावी. औषध लावल्यावरही दोन-तीन आठवडे थोडी खाज राहू शकते. तेवढ्यावरून औषधाला नावे ठेवू नयेत. त्याहून जास्त दिवस राहिली तर पुन्हा दवाखाना गाठावा.

आता पाण्याचे पाहू. पुष्कळ विहिरींचे पाणी जड असते. त्यात डाळ लवकर शिजत नाही. भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो. अशा पाण्यात साबण फेसाळत नाही. का बरे? खडकातला चुना पाण्यात उतरलेला असतो. साबण आणि चुना मिळून चिकट गाळ होतो. तो गाळ कपड्यातच बसतो. मग पांढरे धोतर करडे दिसते आणि कडक होते. बाई बिचारी आणखी साबण घासते. वडी संपते, पण मळ तसाच राहतो.

यावर उपाय स्वस्त आहे. एका बादलीत चहाचे दोन चमचे धुण्याचा सोडा टाकावा. नीट ढवळावा. थोडा वेळ जाऊ द्यावा. मगच कपडे भिजत घालावे. साबण निम्मासुद्धा लागणार नाही. पावसाचे पाणी साठवता आले तर सोड्याचीही गरज नाही. ते पाणी मऊच असते. धुण्याची पावडर जड पाण्यातही चालते, पण तीही पुरते खळबळून काढावी. अंगात राहिली तर कातडी चुणचुणते.

लोकरीला मात्र सोडा लावू नये. ऊन पाण्यात घोंगडी चोळली तर ती आटते. तिला गार पाणी आणि रिठा बरा.

रक्ताचा डाग आधी गार पाण्यातच धुवावा. अंडे उकळले की घट्ट होते ना? तसेच रक्त ऊन पाण्याने कपड्यात घट्ट बसते. पाळीच्या घड्याही आधी गार पाण्यात धुवाव्या, मग साबणाने. पुष्कळ बायका त्या लाजेने अंधारात, दुसऱ्या कपड्याखाली वाळवतात. त्या ओलसर राहतात आणि त्यात रोगजंतू वाढतात. लाज बाजूला ठेवावी, त्यांना ऊन द्यावे.

हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो. भिऊ नये. कपडा धुऊन उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हात उडतो.

आणि धुण्याचा दगड विहिरीच्या काठाला नको. मळाचे पाणी झिरपून पुन्हा विहिरीतच जाते, आणि तेच आपण घागरीत भरून घरी नेतो. दगड लांब हलवावा. त्याचे पाणी चर खणून परसातल्या केळीकडे सोडावे. सोडा घातलेले पाणी मात्र झाडांना घालू नये. ते त्यांना सोसत नाही.