पढियंता कोण?

संतसज्जनहो, शिकविणाऱ्याच्या अंगी विद्या असावी की शील? मुंडकोपनिषदाने गुरू श्रोत्रिय असावा आणि ब्रह्मनिष्ठही असावा, अशी दोन्ही लक्षणे एकत्रच सांगितली आहेत. श्रोत्रिय म्हणजे शास्त्र जाणणारा. ब्रह्मनिष्ठ म्हणजे त्या जाणण्यातच ज्याचे जीवन स्थिरावले तो. पैकी एक उणे पडले तर काय होते, ते माझ्याच फजितीवरून सांगतो.

तरुणपणी पाठशाळेतून व्याकरण शिकून आलो होतो. ज्ञानेश्वरीचा पाठ सांगताना एका मुलाने विचारले, "महाराज, पढियंता म्हणजे काय हो?" मला ठाऊक नव्हते. पण चारचौघांत नाही कसं म्हणायचं? संस्कृतातला 'पठ्' धातू पुढे केला आणि ठोकून दिले, "पढियंता म्हणजे पढलेला, विद्वान!" वास्तविक जुन्या मराठीत पढियंता म्हणजे आवडता, लाडका. देवाच्या लाडक्या भक्ताला मी पंडित करून टाकले! पुढे खरा अर्थ कळला, तरी लाजेने गप्प राहिलो.

काही वर्षांनी तोच मुलगा कीर्तनाला उभा राहिला आणि म्हणाला, "देवाला पढलेलाच आवडतो." समोर अक्षरशत्रू माळकरी बसलेले. एका म्हातारीने मान खाली घातली. ती मान मी खाली घालायला लावली होती! दुसऱ्या दिवशी त्याच मंडपात उभा राहून चूक कबूल केली.

अर्थ न येणे हे बुद्धीचे उणे. ते पुस्तकाने भरून निघते. न येणे झाकणे हे शीलाचे उणे. ते शिष्यापर्यंत पोचते.

नाथमहाराजांकडे पाहा. शके १२१२ (इ. स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीत पुढे नकला होता होता अपपाठ शिरले. शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये नाथांनी ती शुद्ध केली. अपपाठ ओळखायला विद्वत्ता लागते. पण स्वतः एवढे मोठे कवी असून माउलींच्या ग्रंथात आपली ओवी घालू नये, याला शील लागते. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे अमानित्वापासूनच सुरू होतात, ती उगाच नव्हे. मान सोडल्यावाचून खरे शिकविता येत नाही.

म्हणून घरी नातवंडांना शिकविताना असो वा फडावर, अडले तर म्हणावे, "ठाऊक नाही, विचारून सांगतो." आणि विचारून सांगावेही.

रामकृष्णहरि!