बसून खेळायचा खेळ?

मागच्या महिन्यात आमच्या वर्गात एक वाद झाला. गुरुजींनी आशियाई खेळांची माहिती सांगताना शिडाच्या होड्यांच्या शर्यतीचे नाव घेतले. तेव्हा मी उभा राहून म्हणालो, "गुरुजी, होडीत तर बसूनच राहायचे असते. वारा होडी ढकलतो. मग पदक माणसाला कशाला? वाऱ्यालाच द्या!" सगळा वर्ग हसला. फक्त मागच्या बाकावरचा एक मुलगा हसला नाही. तो ढिवराचा मुलगा आहे. त्याचा आजा वैनगंगेत डोंगा चालवून मासे धरतो.

शाळा सुटल्यावर तो मला आजाकडे घेऊन गेला. आजा जाळे विणत होता. सारे ऐकून तो म्हणाला, "काय गा बाबू, बसूनच काम होते म्हन्तेस? मंग रविवारी ये डोंग्यात. पाहू कोनाचे हात दुखते."

रविवारी मी गेलो. काठालगतच्या उथळ पाण्यात आजाने माझ्या हाती वल्हे दिले. पंधरा मिनिटांत माझे खांदे भरून आले. डोंगा डोलला की पोट आपोआप आवळले जाई आणि मांड्या थरथरत. आजा मात्र एका जागी उभा राहून सहज तोल सांभाळत होता. तेव्हा मला माझी चूक कळली. मग गुरुजींना विचारून मी या खेळाची माहिती गोळा केली, ती येथे देत आहे.

होडी कशी चालते?

शिडाच्या होडीत मधोमध उंच डोलकाठी असते. तिला मोठे कापड बांधतात, त्याला शीड म्हणतात. मागे दिशा बदलण्यासाठी सुकाणू असते. मधोमध एक फळी पाण्यात खाली सोडलेली असते, त्यामुळे होडी आडवी सरकत नाही. ओला चिंचोका दोन बोटांत दाबला की तो पुढे सटकतो ना? तसेच एकीकडून वारा शीड दाबतो, दुसरीकडून पाणी फळीला अडवते आणि होडी पुढे सटकते.

पण वारा ज्या दिशेने येतो त्या दिशेला होडी सरळ जाऊ शकत नाही. तिला नागमोडी जावे लागते. बैलगाडी चढावर आडवीतिडवी घेतात, तसेच हे आहे. वाऱ्याचे वळण ज्याला आधी ओळखता येते तो पुढे जातो. म्हणून या खेळात डोळे सतत पाण्यावर ठेवावे लागतात. पाण्यावर गडद लाट सरकताना दिसली की तिथे वाऱ्याचा झोत येत आहे असे समजावे.

अंगमेहनत कोठे लागते?

वारा शिडाला ढकलतो तेव्हा होडी एका बाजूला कलते. ती उलटू नये म्हणून खेळाडू होडीच्या तळाशी असलेल्या पट्ट्यात पाय अडकवतो आणि कमरेपासून वरचे सारे शरीर पाण्यावर बाहेर झोकून देतो. तराजूची दांडी सरळ ठेवायला दुसऱ्या पारड्यात वजन टाकावे लागते. येथे खेळाडूचे शरीर हेच वजन! जितके बाहेर झुकाल तितकी होडी सरळ, आणि जितकी सरळ तितकी वेगवान. एक शर्यत साधारण पाऊण ते एक तास चालते आणि एका दिवसात दोनतीन शर्यती होतात.

हे किती अवघड आहे ते करून पाहा. भिंतीला पाठ टेकवा आणि खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे बसा. मनात आकडे मोजा. मी ५२ पर्यंत पोहोचलो, मग मांड्यांत आग झाली. असे का होते? स्नायू एकसारखा ताणलेला राहिला की त्यातील रक्तवाहिन्या दबतात. रक्त कमी पोहोचते आणि स्नायू लवकर थकतो. पळताना स्नायू आवळतो आणि सैल होतो, येथे त्याला सैल व्हायला वेळच मिळत नाही. शिवाय एका हाताने शिडाची दोरी ओढायची, दुसऱ्या हाताने सुकाणू सांभाळायचे, वरून ऊन आणि तोंडावर खारे पाणी. म्हणून हे खेळाडू धावतात, पोहतात आणि पोटाचे व पाठीचे व्यायाम करतात.

१९८२ साली दिल्लीत आशियाई खेळ झाले. दिल्लीला समुद्र नाही, म्हणून शिडाच्या शर्यती आपल्या मुंबईच्या समुद्रात घेतल्या. तेव्हा फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने 'फायरबॉल' नावाच्या होडीच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवले. या होडीत दोघे असतात. त्यातला एक जण डोलकाठीला बांधलेल्या तारेला लटकून, होडीच्या कडेवर पाय रोवून, पाण्यावर आडवा होतो. याला कोण बसून खेळणे म्हणेल?

शेतकऱ्याची मुलगी

तुम्ही म्हणाल, मुंबईला समुद्र आहे, आपल्याला काय? पण पुढची गोष्ट ऐका. मध्य प्रदेशात देवास जिल्हा आहे. आपल्यासारखाच तिथेही समुद्र नाही. तिथल्या एका शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या मोठ्या तलावावर ही होडी शिकली. सन २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथील आशियाई खेळांत तिने रौप्यपदक जिंकले. तेव्हा तिचे वय १७ वर्षे होते. तिची होडी सुमारे १४ फूट लांब. नुसते हे होडके जवळजवळ ६० किलोचे, म्हणजे धानाच्या दीड कट्ट्याएवढे. ते ती एकटी चालवत होती.

यात गुण देण्याची पद्धत उलटी आहे. पहिल्याला १, दुसऱ्याला २, तिसऱ्याला ३ गुण. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकला. ज्या शर्यतीत सर्वांत मागे पडलो ती एक शर्यत वजा करतात. नेहाच्या ११ शर्यतींचे ३२ गुण झाले. त्यातून ५ वजा करून २७ उरले. तिसरी आलेल्या सिंगापूरच्या मुलीचे गुण होते २८. फक्त एका गुणाचा फरक! एक दिवस जिंकून येथे भागत नाही, रोज चांगले खेळावे लागते.

मला सर्वांत आवडलेला नियम

प्रत्येक होडीत पंच नसतो. आपण दुसऱ्याची वाट अडवली, तर आपणच आपली चूक ओळखून होडीला दोन गिरक्या मारून शिक्षा घ्यायची आणि मग पुढे जायचे. तोवर चार जण पुढे निघून जातात, तरीही घ्यायची. होडीला इंजिन नसते, त्यामुळे फक्त पाण्याचा आणि वाऱ्याचा आवाज येतो. चांगला वारा मिळाला की चपटा दगड पाण्यावरून उड्या मारत जावा तशी होडी पळते. त्या क्षणासाठी खेळाडू एवढे कष्ट करतात.

पालकांना विनंती

आमच्या गावात मुलांना नदीवर जाऊ देत नाहीत. आईची भीती खोटी नाही. वैनगंगेत डोंगे उलटून माणसे गेली आहेत. पण शर्यतीतील खेळाडूची होडीही उलटते. तो अंगात तरंगणारे जाकीट घालतो, त्याला पोहता येते आणि मदतीची बोट जवळ असते. म्हणून मोठ्यांनी जवळ उभे राहून आम्हाला पोहायला शिकवावे आणि डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला जाकीट द्यावे.

त्या मुलाला मी वर्गात सर्वांसमोर म्हणालो, "माझे चुकले." आता तो पुढच्या बाकावर माझ्याजवळ बसतो. या रविवारी आजा आम्हा दोघांना उथळ पाण्यात हातपाय मारायला शिकवणार आहे.

प्रश्न सोडवा

१. एका मुलीचे पाच शर्यतींत २, ४, १, ३, ६ असे नंबर आले. सर्वांत वाईट शर्यत वजा करून तिचे किती गुण उरतील?
२. भिंतीला टेकून तुम्ही किती आकड्यांपर्यंत बसू शकता? आठ दिवस रोज करा आणि वहीत लिहा.
३. तुमच्या घरी कोणाकोणाला पोहता येते? ते कोठे शिकले, हे त्यांना विचारा.

– एक विद्यार्थी, इयत्ता ७ वी