टीचर, मग आमचं काय होणार?

ज्यू मुलांसाठी निघालेल्या मुंबईतल्या एका शाळेत मी इतिहास शिकवला. माझ्या काळापर्यंत आमचे बहुतेक लोक इस्राएलला निघून गेले होते. त्यामुळे बाकांवर मुसलमान मुलं-मुली, थोडी हिंदू, आणि फळ्यापुढे मी, अलिबागकडच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, घरातली बाई. शनिवारी दिवा न लावणारी, मुलांसारखीच डुकराचं मांस न खाणारी आणि प्रार्थनेच्या जागेला घरात ‘मशीद’च म्हणणारी ही टीचर मुलांना जवळची वाटायची. म्हणूनच एखादं मूल आडपडदा न ठेवता विचारायचं: तुमच्या धर्मात मेल्यावर आमचं काय होतं?

या प्रश्नाला उत्तर देता देता, वाचता वाचता, जाणत्या लोकांशी बोलता बोलता जे हाती लागलं ते इथे मांडते आहे.

१. आधी प्रश्नाच्या पोटातला प्रश्न ओळखावा.

‘आमचा धर्म न घेता तुम्ही तराल का?’ हा मुळात आमच्या धर्माचा प्रश्न नाही. माणूस जन्मतःच बुडालेला आहे आणि त्याला कुणीतरी बाहेर काढायचं आहे, असं यहुदी धर्म मानत नाही. तोराच्या, म्हणजे आमच्या मूळ धर्मग्रंथाच्या, ६१३ आज्ञा हा इस्राएलने, म्हणजे ज्यू लोकांनी, देवाशी केलेला करार आहे आणि त्याचं ओझं इस्राएलने वाहायचं. बाकीच्यांवर ते लादलेलं नाही. म्हणून धर्मांतराला कुणी आलाच, तर रब्बीने, म्हणजे धर्मगुरूने, त्याला आधी परतवायचं, वाट अवघड आहे हे समजावायचं, अशी जुनी रीत आहे. मवाबी रूथला तिची सासू नामी पुन्हा पुन्हा ‘माघारी जा’ म्हणते, त्या कथेवरून ही रीत शिकवली जाते. चांगला माणूस म्हणून जगायला आणि देवाला आवडायला ज्यू व्हावं लागत असतं, तर दारातून असं परत पाठवणं क्रूरपणाचं झालं असतं.

२. नूहपासून सुरुवात करावी.

अब्राहामपासून सुरुवात केली की भांडण लगेच वारसाहक्काकडे वळतं, कोण इसहाकाचा, कोण इस्माएलचा. नोहा, म्हणजे मुलांचे हजरत नूह, सगळ्यांचेच पूर्वज. जलप्रलयानंतर जी मानवजात उरली ती त्यांची. तल्मूद या रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, त्याच्या सान्हेद्रिन भागात, या सगळ्या मानवजातीसाठी सात आज्ञा सांगितल्या आहेत: मूर्तिपूजा नको, देवाची निंदा नको, खून नको, निषिद्ध शरीरसंबंध नको, चोरी नको, जिवंत जनावराचा अवयव तोडून खाणं नको, आणि न्यायासाठी न्यायालयं उभी करायची.

यातल्या शेवटच्या दोन आज्ञांवर मी मुलांना नेहमी थांबवायचे. जनावराच्या वेदनेचा विचार थेट सगळ्या जगाच्या कायद्यात घातला आहे. आणि सातांपैकी सहा ‘नको’ असताना एकच गोष्ट ‘करा’ म्हणून सांगितली आहे, ती न्याय. रोजे, शनिवारचा शब्बाथ, गंगास्नान यांपैकी काहीही इथे मागितलेलं नाही. ज्या समाजात गरिबाची फिर्याद ऐकली जाते तो समाज देवाचं काम करतो आहे, मग तिथे नमाज होवो की आरती.

३. दोन्ही बाजू सांगाव्यात, हरलेलीसुद्धा.

इतर लोकांना ‘ओलाम हाबा’त, म्हणजे येणाऱ्या जगात, वाटा आहे का यावर दोन मोठ्या रब्बींचा वाद नोंदवलेला आहे. स्तोत्रसंहितेत दुष्ट आणि देवाला विसरणारी राष्ट्रं अधोलोकात जातील अशा अर्थाचं वचन आहे. रब्बी एलिएझर यांनी त्यातून अर्थ काढला की कुठल्याच परक्याला वाटा नाही. रब्बी यहोशुआ यांनी तेच वचन हातात घेतलं आणि म्हणाले, विसरणाऱ्यांबद्दल लिहिलं आहे ना? म्हणजे न विसरणारेही असणार. तेव्हा राष्ट्राराष्ट्रांत सज्जन आहेत आणि त्यांना वाटा आहे.

हा वाद कधीचा ते पाहिलं की त्याचं वजन कळतं. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचं मंदिर जाळलं. रब्बी यहोशुआ लेवी वंशातले, त्या मंदिरात सेवा केलेले. ज्यांनी आपलं मंदिर राख झालेलं पाहिलं, त्यांच्या तोंडून ‘परक्यांतही सज्जन आहेत’ हे यावं, याच्यापुढे मी नतमस्तक आहे. पुढे धर्मशास्त्राने त्यांचंच मत स्वीकारलं. बाराव्या शतकात रंबमने, म्हणजे मैमोनिदेसने, आपल्या मिश्ने तोरा या ग्रंथात ते नियम म्हणून लिहून ठेवलं.

एलिएझर यांचं मत मात्र तल्मूदने पुसलं नाही. मीही वर्गात ते लपवलं नाही. अर्धी गोष्ट सांगितली की मुलं उरलेली अर्धी बाहेर कुठेतरी ऐकतात, आणि मग पहिल्या अर्ध्यावरचाही त्यांचा विश्वास उडतो.

४. इस्लामबद्दल विचारलं तर रंबमचं पत्र सांगावं.

हे मला सगळ्यात मोलाचं वाटतं, म्हणून इथे जरा रेंगाळते.

रंबमचा जन्म स्पेनमधल्या कोर्दोबाचा, ११३८ चा. तो लहान असतानाच अल्मोहाद या कडव्या मुसलमान राजवटीने शहर घेतलं आणि ज्यू-ख्रिस्ती लोकांना धर्म बदला किंवा चालते व्हा असं सांगितलं. त्याचं कुटुंब भटकत मोरोक्कोतल्या फेजला गेलं, तिथून पुढे इजिप्तमध्ये कैरोजवळच्या फुस्तातला. तिथे तो वैद्य झाला आणि सलाउद्दीनच्या वजिराच्या पदरी राहिला. ११७२ च्या सुमारास येमेनमधल्या ज्यूंवर धर्मांतराची सक्ती झाली, तेव्हा त्यांना धीर देणारं पत्र त्याने लिहिलं. त्यात इस्लामबद्दल आणि पैगंबरांबद्दल फार कठोर शब्द आहेत. हेही मी सांगते.

आता दुसरं पत्र. ओबाद्या नावाचा एक धर्मांतरित, बहुधा पूर्वीचा मुसलमान, आपल्या ज्यू गुरूला म्हणाला की मुसलमान मूर्तिपूजक नाहीत. गुरू संतापले. मक्केत दगड मारतात ती मूर्तिपूजा नाही तर काय, म्हणाले, आणि त्याला मूर्ख ठरवलं. ओबाद्याने रंबमला विचारलं. रंबमने उत्तर दिलं की मुसलमान मुळीच मूर्तिपूजक नाहीत. देव एकच आहे ही त्यांची श्रद्धा निर्दोष आहे, तिच्यात काही खोट नाही. त्या जागी पूर्वी काय होत असेल ते असो, आज तिथे वाकणाऱ्याचं मन देवाकडे लागलेलं असतं. ते आपल्याबद्दल काही खोटं बोलतात म्हणून आपण त्यांच्याबद्दल खोटं बोलायचं नाही. आणि ओबाद्याला मूर्ख म्हणणाऱ्या गुरूने, गुरू असूनही, शिष्याची माफी मागायला हवी.

ज्याचं बालपण एका मुसलमान राजवटीने उधळलं, त्याने हे लिहिलं. आपल्यावर झालेला अन्याय एका बाजूला आणि समोरच्याच्या श्रद्धेबद्दलचं सत्य दुसऱ्या बाजूला, ही दोन्ही त्याने एकमेकांत मिसळू दिली नाहीत. आजच्या दिवसांत, इस्राएल आणि गाझाच्या बातम्या घराघरांत पोचत असताना, माझ्या जुन्या विद्यार्थ्यांचे फोन येतात तेव्हा हे पत्र मला फार आधार देतं.

त्याचा व्यवहारातला परिणामही आहे. मुसलमानांच्या मशिदीत ज्यू माणसाने जायला बहुतेक धर्मपंडित हरकत घेत नाहीत. (याच रंबमने आणखी एका पत्रात हिंदुस्तानातल्या ज्यूंचा उल्लेख केला आहे. त्यांना शब्बाथ आणि सुंता एवढंच माहीत आहे, असा. ते आमचेच कोकणातले पूर्वज का, यावर अभ्यासकांचा वाद आहे. ते आम्हीच, असं मानायला मला आवडतं.)

५. रंबमची अटही सांगावी.

तो म्हणतो, सात आज्ञा देवाने तोरा आणणाऱ्या मोशेच्या हातून सांगितल्या म्हणून पाळल्या, तर तो माणूस ‘राष्ट्रांतला सज्जन’ आणि त्याला वाटा आहे. नुसत्या स्वतःच्या बुद्धीला पटल्या म्हणून पाळल्या, तर नाही. ही अट जर्मनीतल्या ज्यू तत्त्वज्ञ मोझेस मेंडेल्सोनला टोचली. १७७३ मध्ये त्याने रब्बी याकोब एम्देन यांना पत्र लिहून विचारलं की ज्या माणसांपर्यंत मोशेचं नावही पोचलं नाही त्यांनी काय करायचं? मी मेंडेल्सोनच्या बाजूची आहे. न्यायी देव इतका कागदोपत्री हिशोब ठेवत असेल असं मला वाटत नाही.

६. हिंदू मुलांना उत्तर देणं जास्त अवघड आहे, आणि ते अवघडच राहू द्यावं.

मुसलमान मुलांचा प्रश्न मूर्तीपाशी अडत नाही, हिंदू मुलांचा अडतो. सातांतली पहिलीच आज्ञा. एकदा गणपतीच्या दिवसांत मोदक घेऊन आलेल्या मुलीने हे विचारलं, तेव्हा तिच्यापुढे मी शास्त्र गुळमुळीत केलं नाही.

२००४ मध्ये हा प्रश्न अगदी ठळकपणे पुढे आला. सनातनी ज्यू बायका लग्नानंतर डोकं झाकतात, पुष्कळजणी त्यासाठी टोप वापरतात, आणि त्यांतले बरेच केस तिरुपतीला वाहिलेले असतात असं कळलं. जेरुसलेमच्या रब्बी एल्याशिव यांनी ते मूर्तीला वाहिलेले म्हणून निषिद्ध ठरवले. न्यूयॉर्कमध्ये आणि इस्राएलमध्ये बायकांनी महागडे टोप रस्त्यावर आणून जाळले. तिरुपतीला मनोभावे मुंडण करणाऱ्या बाईला हे समजलं असतं तर काय वाटलं असतं, हा विचार मला सोडत नाही.

पण गोष्ट तिथे संपली नाही. २००७ मध्ये दिल्लीला आणि २००८ मध्ये जेरुसलेमला हिंदू आचार्य आणि इस्राएलचे मुख्य रब्बी एकत्र बसले. हिंदू एकाच परमतत्त्वाची उपासना करतात आणि त्याला निराकार व साकार दोन्ही रूपांत पाहतात, हे जेरुसलेमच्या निवेदनात मान्य केलं गेलं. सगळ्या रब्बींना ते पटलेलं नाही. शिवाय जुन्या शास्त्रकारांपैकी काहींचं मत असंही आहे की एका देवाबरोबर आणखी कुणाचं नाव घेणं ज्यूला निषिद्ध असलं तरी इतरांना नाही. ख्रिस्ती शेजाऱ्यांमुळे तो विचार पुढे आला, आणि आपल्याकडेही तो उपयोगी पडावा असं मला मनापासून वाटतं. शतकानुशतकं कोकणातल्या हिंदू शेजाऱ्यांनी आम्हाला ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखलं, आमच्या शनिवारच्या बंद घाण्याचा मान ठेवला, आम्हाला कधी छळलं नाही. त्या लोकांना देव परका मानत असेल, हे माझ्याने म्हणवत नाही.

७. दरफाळणीच्या सणाला काय वाचतात ते पाहावं.

योम किपूरला आमच्याकडे दरफाळणीचा सण म्हणतात. पूर्वी त्या दिवशी दारं लावून घेत आणि बाहेरच्यांशी संबंध ठेवत नसत. याच दिवशी दुपारी, उपासाने जीव थकलेला असताना, योनाचं पुस्तक वाचलं जातं. योना म्हणजे मुलांचे युनुस पैगंबर. त्यांना निनवेला पाठवलं जातं, म्हणजे आजच्या इराकमधल्या मोसुलजवळ, शत्रूच्या राजधानीत. निनवेचे लोक पश्चात्ताप करतात, हिंसा सोडतात, आणि देव त्यांना क्षमा करतो. ते ज्यू होत नाहीत, तशी अपेक्षाही नसते. देवाने इतकी माणसं आणि त्यांची जनावरं वाचवली म्हणून रुसून बसतो तो एकटा योना, आमचा माणूस. वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशी आम्ही स्वतःला हे ऐकवतो.

८. कडू मजकूरही आहे.

गूढवादी ग्रंथांत, हसिदी परंपरेतल्या ‘तान्या’सारख्या पुस्तकातही, ज्यू आत्मा आणि इतरांचा आत्मा यांत मुळातच फरक मानणारी वाक्यं आहेत. मला ती मान्य नाहीत. तल्मूदचा गाभा असलेली मिश्ना सांगते की देवाने आदाम एकटाच घडवला, म्हणजे माझा बाप तुझ्या बापाहून मोठा असं कुणी म्हणू नये. शिवाय आम्ही बेने इस्राएल लोकांनी स्वतः दारात उभं राहून पाहिलं आहे. इस्राएलमधल्या काही धर्माधिकाऱ्यांनी विवाहाच्या प्रश्नावरून आमच्या ज्यू असण्यावरच शंका घेतली. आमच्या लोकांना आंदोलन करावं लागलं, तेव्हा १९६४ मध्ये आमचा पूर्ण हक्क मान्य झाला. ज्या समाजाची अशी चौकशी झाली, त्याच्या माणसाने दुसऱ्याच्या आत्म्याची चौकशी करू नये.

९. वर्ग ऐकतो तो गोष्टींमुळे.

तल्मूदमध्ये अंतोनिनस नावाचा रोमन सम्राट रब्बी यहुदा हनासी यांना विचारतो, मला येणाऱ्या जगात जागा आहे का? ते ‘हो’ म्हणतात. सम्राटाला खरं वाटत नाही, तो वचनं काढून हुज्जत घालतो. ती वचनं दुष्कर्म करणाऱ्यांबद्दल आहेत, तुझ्याबद्दल नाहीत, असं रब्बी त्याला समजावतात.

दुसरी गोष्ट रब्बी हनिना बेन तेरादिओन यांची. तोरा शिकवल्याबद्दल रोमनांनी त्यांना तोराच्या गुंडाळीत लपेटून जाळलं. यातना लांबाव्यात म्हणून छातीवर ओली लोकर ठेवली. जाळणाऱ्या रोमन शिपायाने विचारलं, मी आग वाढवली आणि लोकर काढली, तर मला येणाऱ्या जगात न्याल का? ते हो म्हणाले. त्याने लोकर काढली, आग वाढवली, आणि मग स्वतःही त्या आगीत उडी घेतली. आकाशवाणी झाली की दोघांनाही तिथे बोलावलं आहे. ना त्याने सात आज्ञा पाळल्या होत्या, ना मोशेचं नाव घेतलं होतं.

हे ऐकून यहुदा हनासी रडले असं तल्मूद सांगतं. कुणाला हे सारं एका घटकेत मिळतं आणि कुणाला अख्खं आयुष्य लागतं, असं त्यांना वाटलं. वर्गातल्या एका मुलीने विचारलं होतं, त्यांना त्या शिपायाचा हेवा वाटला का? काही भाष्यकार तसंच समजतात. मला वाटतं, ते त्या शिपायासाठी रडले. जो माणूस एका घटकेत एवढं करू शकत होता, त्याचं बाकी सगळं आयुष्य आग लावण्यात गेलं होतं.