ज्योतीने गारवा देणारे शीतकपाट

जळत्या ज्योतीने पाण्याचे बर्फ करता येते, हे प्रथम ऐकणाऱ्यास विपरीत वाटेल. परंतु युरोप-अमेरिकेतील हौशी प्रवासी ज्या कॅम्पर व्हॅनमधून म्हणजे निवासी मोटारींतून भ्रमंती करतात, त्यांतील अनेक शीतकपाटे याच रीतीने चालतात. स्टॉकहोम येथील तंत्रविद्यालयात शिकणाऱ्या बाल्टझार फॉन प्लाटेन व कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली ही योजना सिद्ध केली.

घरगुती शीतकपाटात बहुधा विजेवर चालणारा कॉम्प्रेसर असतो. शोषण-पद्धतीच्या कपाटात तो नाही. त्याच्या बंद नळ्यांत अमोनिया, पाणी व हायड्रोजन असतात. तळाशी उष्णता दिली की पाण्यात विरलेला अमोनिया वायुरूपाने वर जातो, बाहेरील नळ्यांत निवून द्रवरूप होतो आणि पुढे हायड्रोजनमध्ये मिसळताच त्याचा आंशिक दाब घटून त्याची पुन्हा वाफ होते. त्यासाठी लागणारी उष्णता तो कपाटातून ओढून घेतो. अखेर पाणी त्यास शोषून घेते व चक्र नव्याने सुरू होते. फिरणारा भागच नसल्याने आवाजही नाही.

उष्णता कोठून आली, याच्याशी या यंत्रास कर्तव्य नसते. मुक्कामी २३० व्होल्टची वीज, धावत्या गाडीत १२ व्होल्टची बॅटरी आणि रानावनात गॅसची लहानशी ज्योत, यांपैकी काहीही चालते. मात्र हे तिन्ही मार्ग सारखे सोयीचे नव्हेत. बॅटरीवर १० अँपिअर प्रवाह धरला तरी १०० अँपिअर-तासांची बॅटरी दहा तासांत रिती होते. म्हणून इंजिन बंद होताच हा मार्ग सोडावा लागतो. गॅस किफायतशीर खरा, पण पेट्रोल पंपावर जाण्यापूर्वी ज्योत विझवलीच पाहिजे. जळालेला वायू गाडीबाहेर जाण्याची वाट तुंबली, तर गंधहीन कार्बन मोनॉक्साइड झोपेतच प्राण घेतो. शिवाय नळ्यांतील द्रव गुरुत्वाकर्षणाने वाहत असल्याने गाडी फार कललेली उभी केल्यास गारवा थांबतो, प्रसंगी यंत्रही कायमचे बिघडते.

रॉकेल वा गॅसवरील अशाच कपाटांनी वीज न पोहोचलेल्या अनेक प्रदेशांत वर्षानुवर्षे लशी सांभाळल्या. बहुतेक लशींना २ ते ८ अंश सेल्सिअस तापमान लागते. ज्योतीवर ते काटेकोर राखणे अवघड; आणि धनुर्वाताच्या लशीसारख्या काही लशी एकदा गोठल्या की निकामी होतात. म्हणून त्या कामी आता कॉम्प्रेसर असलेली सौर शीतकपाटे पसंत केली जातात.